धावपट्टी दिसली, असं सर म्हणाले

पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन मी बाहेर पडले, तेव्हा माझ्या वर्गातली बहुतेक मुलं नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लागली. मलाही तिथेच जायचं होतं. पण दोन ठिकाणी मुलाखतीत विचारलं, "सेकंड शिफ्ट जमेल का?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच "अवघड आहे तुम्हाला," असं उत्तर देऊन टाकलं. मग पेपरातली एक छोटीशी जाहिरात बघून मी शहराबाहेरच्या एका खासगी संस्थेत गेले. ही संस्था वैमानिक तयार करायची. त्यांच्याकडे तीन लहान विमानं, ती ठेवायला एक पत्र्याचा हँगर आणि कुठल्याशा देशातून जुनं विकत आणलेलं, जमिनीवरच उडायचा सराव देणारं एक सिम्युलेटर होतं. ते चालवायला आणि बिघडलं तर दुरुस्त करायला त्यांना माणूस हवा होता. अर्ज माझा एकटीचाच आला होता, हे मला पुढे कळलं.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. तेव्हाचं सिम्युलेटर म्हणजे टेम्पोच्या केबिनएवढी एक पेटी. आत दोन खुर्च्या, विमानात असतात तशी उंची, वेग दाखवणारी सगळी घड्याळं, आणि समोर खिडकीच्या जागी दुधी काच. दार लावलं की आतल्या माणसाला बाहेरचं काहीच दिसायचं नाही. ढगात शिरल्यावर असतं तसं. मी बाहेर टेबलाशी कानाला हेडफोन लावून बसायचे. आतल्या माणसाशी बोलणारा टॉवर म्हणजे मी. वारा मी द्यायचे, पाऊस मी द्यायचे, इंजिन बंद पाडायचं असेल तर तेही मीच पाडायचे. माझ्या उजव्या हाताला एक यंत्र होतं. त्यात कागदाची गुंडाळी सरकत राहायची आणि दोन पेनं त्यावर रेघा ओढायची. एक रेघ विमान डावी-उजवीकडे कसं गेलं त्याची, दुसरी ते खाली कसं उतरलं त्याची.

ढगातून उतरणं तेव्हा मला जेवढं समजलं ते असं. धावपट्टीजवळची यंत्रं रेडिओच्या लहरी सोडतात आणि त्यांच्यावर वैमानिकाच्या समोरच्या एका घड्याळातले दोन काटे हलतात. उभा काटा सांगतो, डावीकडे सरकलास की उजवीकडे. आडवा सांगतो, वर राहिलास की खाली गेलास. दोन्ही काटे मध्यावर धरून खाली येत राहायचं. पण एका ठरलेल्या उंचीपर्यंतच. जमीन दोनशे फुटांवर आली की मान वर करून बाहेर बघायचं. धावपट्टी दिसली तर उतरायचं. नाही दिसली तर इंजिनाला पुरता जोर देऊन लगेच वर निघून जायचं. त्या उंचीला सगळे 'मिनिमम' म्हणायचे.

आमच्या पेटीत धावपट्टी म्हणजे एक दिवा होता. आतला माणूस मिनिममला पोचला की मी टेबलाखालचं बटण दाबायचे आणि दुधी काचेमागे पिवळा उजेड पडायचा. उजेड पडला म्हणजे धावपट्टी दिसली. कधी मी बटण दाबायचेच नाही. तेव्हा आतल्याने वर जायचं. दिवा लावला की त्याच जागी कागदावर मी पेन्सिलीने एक फुली मारायचे.

मुलांना शिकवायला एक सर होते. हवाई दलातून निवृत्त झालेले, पन्नाशी उलटलेले, गंगापूर रोडवरून रोज स्कूटरने यायचे. पावसातसुद्धा त्यांच्या शर्टाची इस्त्री कशी राहते याचं आम्हाला नवल वाटायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पेटीच्या आत बसवलं.

"मी कशाला सर? मला थोडंच विमान चालवायचंय?"

"बाहेर बसून तुला या पोरांच्या चुका दिसतील आणि हसू येईल. हसायच्या आधी एकदा आत बस."

चौथ्या मिनिटाला मी जमिनीवर आपटले. आडव्या काट्याकडे बघत राहिले आणि उभा काटा कुठे गेला ते कळलंच नाही. त्यानंतर मी कुणाला हसले नाही.

मुलांच्या चुका मात्र पुष्कळ पाहिल्या. एक मुलगा मिनिममच्या खूप आधीच काचेकडे टक लावून बसायचा. तेवढ्यात त्याची रेघ वाकडी व्हायची. एक मुलगी काटा जरा हलला की विमान वळवायचा दांडा जोरात ओढायची, मग उलट ओढायची. तिचा कागद करवतीसारखा दिसायचा. एकाने तर उतरण्याआधी उंचीच्या घड्याळात त्या दिवसाचा हवेचा दाब लावलाच नाही. त्याच्या घड्याळाप्रमाणे सगळं ठीक होतं आणि माझ्या कागदावर तो जमिनीच्या तीनशे फूट खालून चालला होता. सर ओरडायचे नाहीत. कागद पुढे ठेवायचे आणि विचारायचे, "इथे तुझ्या मनात काय चाललं होतं ते सांग." मुलं लाजायची, पण सांगायची.

महिन्यातून एकदा मुलं घरी गेल्यावर सर स्वतः पेटीत बसायचे. हात गंजू नये म्हणून. मी बाहेरून चालवायचे. त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, "दिवा लावणार की नाही, ते आधी सांगायचं नाही." त्यांच्या रेघा फूटपट्टीने आखल्यासारख्या असायच्या. त्यातले दोन कागद मी वर्गातल्या भिंतीवर लावून ठेवले होते.

मला लागून दोन वर्षं होत आली असतील. जुलै महिना होता. त्या दिवशी सरांसाठी दिवा लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं. ते खाली येत होते, मिनिमम आलं, आणि हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला, "रनवे इन साइट." धावपट्टी दिसली. आणि ते खाली गेले, उतरले.

माझा हात बटणावर नव्हता. निदान मला तसं वाटलं. मग वाटलं, चुकून गुडघा लागला असेल. खिडकीतून उजेड आला असेल. सर गेल्यावर मी बल्ब बदलला, बटणाच्या तारा तपासल्या, खिडकीवर जाड पडदा लावला. कागदावर शेऱ्याच्या जागी 'ठीक' लिहिलं आणि कागद कपाटात ठेवला.

पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच केलं. या वेळी मी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, पंजे उघडे. पडदा ओढलेला होता. सर खाली आले. "रनवे इन साइट." मी माझ्या हातांकडे बघितलं. ते जिथे होते तिथेच होते. काचेमागे अंधार होता आणि सर त्या अंधारात उतरत होते.

ते बाहेर आले. रुमालाने मान पुसत त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं सर," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी मला घास गोड लागेना. आम्ही सिडकोत राहायचो. माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात तपासनीस होते. दिवसभर तयार झालेले लोखंडी भाग मोजायचे आणि बरोबर-चूक ठरवायचे. मी त्यांना सरांचं काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "अण्णा, तुमच्या साहेबांनी पास केलेला भाग तुम्हाला मापात चुकलेला दिसला, तर तुम्ही सांगता का त्यांना?"

"साहेबांना? तोंडाने नाही सांगत."

"मग?"

"तो भाग परत त्यांच्या टेबलावर ठेवतो. शेजारी मोजायचं यंत्र ठेवतो. आणि उभा राहतो."

"ते चिडत नाहीत?"

"चिडतात की. पण मोजतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग भरायच्या आधी मी आदल्या दिवशीचा कागद सरांच्या टेबलावर ठेवला आणि उभी राहिले. सरांनी चष्मा न लावताच कागद बघितला. त्यांना लागतच नव्हता चष्मा.

"चांगला आहे की. काय झालं?"

मी तशीच उभी राहिले. त्यांचं बोट रेघेवरून खाली आलं, मिनिममपाशी थांबलं.

"फुली कुठाय?"

"मारली नाही सर."

"विसरलीस?"

"नाही. दिवा लावलाच नव्हता."

ते म्हणाले, "लागला होता. मी बघितला." अगदी साध्या आवाजात. खोटं बोलणाऱ्या माणसाचा आवाज तसा नसतो. मला क्षणभर पुन्हा माझीच शंका आली.

"माझे हात टेबलावर होते सर. मी बघितलं. कारण मागच्या महिन्यात पण असंच झालं होतं."

आता ते उठून उभे राहिले. "मागच्या महिन्यात?"

"हो."

"आणि तू काय लिहिलंस?"

"ठीक."

सरांना चिडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते स्वतःच्या चुकीवर नव्हते चिडले, माझ्यावर चिडले होते. "मी त्यानंतर चार वेळा खऱ्या ढगात पोरांना घेऊन गेलोय. चार वेळा! पहिल्यांदाच का नाही बोललीस?"

"सर, तुम्ही सर आहात," एवढंच मला सुचलं.

ते खोलीबाहेर निघून गेले. त्या दिवशीचा वर्ग दुसऱ्या शिक्षकांनी घेतला. मला वाटलं, नोकरी गेली. घरी येऊन मी आईला म्हणाले, आता अंबडला अर्ज टाकते. आईला काही कळेना, काल तर पोरगी बरी होती.

आठ दिवस सर माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी टेबलापाशी येऊन उभे राहिले. कॉलेज रोडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते.

"डोळे ठीक आहेत. काही दोष नाही म्हणतात."

"बरं झालं ना सर."

"काय बरं झालं? नंबर निघाला असता तर चष्म्यावर भागलं असतं." मग खुर्ची ओढून बसत म्हणाले, "माझे सगळे कागद काढ. असतील नसतील तेवढे."

वर्गातली बाकं आम्ही भिंतीला लावली आणि दोन वर्षांचे कागद तारखेप्रमाणे फरशीवर अंथरले. इस्त्रीची पँट घालून सर गुडघ्यांवर बसले आणि एकेक रेघ बघत पुढे सरकू लागले. सुरुवातीचे कागद खरोखर सरळ होते. नंतरच्या कागदांवर मिनिममच्या जरा आधी रेघ किंचित, दोरा भिजून खाली ओघळावा एवढीच, खाली वळत होती. ज्यांवर फुली होती त्यांवरही. म्हणजे दिवा लागायच्या आधीच त्यांचा हात उतरायला निघालेला असायचा. मला हे कधी दिसलं नव्हतं. मी फक्त फुल्या बघत होते.

"इथेच," सर म्हणाले, "इथेच मी ठरवून टाकतोय की धावपट्टी असणार. तीस वर्षं ती तिथे असतेच. मग डोळे काय, मनाने सांगितलं तेच दाखवतात."

उठताना त्यांना माझ्या हाताचा आधार घ्यावा लागला.

पुढच्या सोमवारी त्यांनी भिंतीवरचे ते दोन सुंदर कागद काढले आणि फुली नसलेला कागद लावला. मुलांना सगळं सांगितलं, काही न झाकता. शेवटी निफाडकडचा एक मुलगा उठला. बावीस-तेवीस वर्षांचा, घरची द्राक्षबाग, फार कमी बोलणारा. त्याने विचारलं, "सर, खऱ्या विमानात तुम्ही 'दिसली' म्हणालात आणि मला नाही दिसली, तर मी काय करायचं?"

"'नाही' म्हणायचं."

"बस?"

"बस. आणि 'सर' लावायचं नाही. 'सर' लावलं की पुढचं वाक्य निम्म्यावर येतं." मग त्यांनी नियम करून टाकला. मिनिममला दोघांनी 'दिसली' म्हटलं तरच उतरायचं. दोघांतला एक जरी 'नाही' म्हणाला, तरी विमान वर. तिथे वाद नाही, विचारणं नाही. जे बोलायचं ते नंतर जमिनीवर.

त्या दिवशी प्रत्येकाला पेटीत त्यांच्याशेजारी बसवून त्यांनी 'नाही' म्हणायला लावलं. ऐकायला सोपं वाटतं. एकाही मुलाला पहिल्या खेपेला जमलं नाही. "नाही वाटतं सर." "बहुतेक नाही सर." एकजण तर "सॉरी सर, नाही," म्हणाला. मी बाहेर हेडफोनमध्ये ऐकत होते. मग त्यांनी मलाही आत बोलावलं. माझंही "नाही सर" असंच निघालं. सहाव्या वेळी कुठे नुसतं 'नाही' आलं आणि ते म्हणताना आपण काही उद्धटपणा करतोय असं वाटून माझे कान तापले.

पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये खरा प्रसंग आला. सर आणि तो निफाडचा मुलगा दोन इंजिनांचं विमान घेऊन आदल्या दिवशी इंदूरला गेले होते आणि सकाळी परतत होते. इगतपुरीच्या बाजूने ढग आले होते ते चार दिवस हललेच नव्हते. मी त्या सकाळी रेडिओच्या खोलीत होते, कारण तिथला एक संच खरखर करत होता आणि मी तो उघडून बसले होते. ड्युटीवरचे गृहस्थ सारखे खिडकीशी जाऊन बघत होते. धावपट्टीचं अलीकडचं टोक कधी दिसायचं, कधी चहाच्या वाफेने चष्मा धुरकटावा तसं पुसून जायचं.

विमानाचा आवाज आधी आला. ढगाच्या आतून, खाली खाली येत. रेडिओवर सर उंची सांगत होते, शांतपणे. आवाज अगदी जवळ आला. मी हातातला स्क्रू ड्रायव्हर घट्ट धरून बसले होते. मग काही क्षण रेडिओ गप्प झाला, आणि एकाएकी इंजिनं किंचाळल्यासारखी वर चढली. आवाज आमच्या छपरावरून गेला. दिसलं काहीच नाही.

"गोइंग अराउंड," सर म्हणाले, म्हणजे न उतरता वर निघालो. मग म्हणाले, "औरंगाबादला जातो." दुपारी तिथून फोन आला की नीट उतरले. ड्युटीवरचे गृहस्थ मला म्हणाले, "पाणी प्या जरा." मी पाणी प्यायले आणि उघडलेला संच पुन्हा जोडायला घेतला.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि ते परत आले. मुलगा नेहमीसारखा गप्प होता. सर थेट माझ्या टेबलाशी आले.

"त्याने 'नाही' म्हटलं," ते म्हणाले. "पहिल्या फटक्यात. सर न लावता."

"आणि तुम्ही?"

"मी 'दिसली' म्हटलं होतं." त्यांनी दार बंद आहे ना ते बघितलं. "मला दिसली होती, पोरी. अगदी स्वच्छ. दिव्यांच्या दोन ओळी. हात वर जायला तयार नव्हता. नियम होता म्हणून वर गेलो. नियम नसता तर गेलो नसतो."

मग त्यांना एक गोष्ट बघायची होती. आपण जे बघितलं ते काय असू शकतं? धावपट्टी नसेल तर दिव्यांच्या ओळीसारखं दुसरं काही तिथे आहे का? दुपारी आम्ही त्यांच्या स्कूटरवरून विमान वर वळलं त्या जागेखाली गेलो. चिखलात स्कूटर दोनदा फसली. रस्ता नव्हता, शेड नव्हती, कालव्याचं पाणी नव्हतं. सोयाबीन होतं आणि एका बाजूला बांधावर चार बाभळी. सर इकडून तिकडे फिरले, खाली वाकून बघितलं, हाताची ओंजळ डोळ्यांशी धरून बघितलं.

खुरपणी करणारी एक बाई उठून आमच्याकडे आली. "काय हुडकता, साहेब? काय पडलं का तुमचं?"

"नाही मावशी. काल सकाळी इथे विमान आलं होतं का खाली?"

"आलं व्हतं ना! लय खाली. दिसलं नाय, पर उरात धडकी भरली. मी तं खाली बसले."

"इथे रात्रीचे दिवे वगैरे असतात का कुठे?"

"दिवे? इथं? नाय बा. इथं लाईट नाय अजून."

त्या आठवड्यात त्यांनी संस्थेच्या मालकांना पत्र दिलं, की यापुढे मी खराब हवेत विमान चालवणार नाही, माणसं घेऊन तर नाहीच. मालकांनी समजावलं, अहो उलट तुम्ही योग्यच केलंत, वर गेलात. सर म्हणाले, "मी नाही गेलो. मला नेलं." महिन्याभरात त्यांनी चांगल्या हवेतही उडणं सोडलं. पेटीशेजारी खुर्ची टाकून मुलांना शिकवत राहिले. आणि शिकवणं, माझ्या मते, आधीपेक्षा चांगलं झालं. पण दुपारी हँगरमधून एखादं विमान निघालं की ते बोलता बोलता थांबायचे आणि आवाज पार जाईपर्यंत पुढचं वाक्य यायचं नाही.

दोन हजार साल उलटल्यावर संस्थेने कॉम्प्युटरवर चालणारं नवं सिम्युलेटर घेतलं. त्यात खरंखुरं वाटणारं धुकं दिसायचं. सर तेव्हा निवृत्त झाले. मी आणखी दोन वर्षं काढली. मग लग्न, मुलगी, आणि पुढे अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी. सरांना दिवाळीला भेटून यायचे, एवढंच.

निफाडचा तो मुलगा मोठ्या विमानांवर कॅप्टन झाला होता. एकदा कुणाच्या तरी लग्नासाठी नाशिकला आला असताना त्याने मला फोन करून भेटायला बोलावलं. शालिमारजवळच्या एका हॉटेलात आम्ही बसलो. अंगाने भरला होता, आता बोलायचाही बराच. तरी दुसरा चहा होईपर्यंत इकडचं तिकडचंच चाललं होतं. मग म्हणाला, "ताई, एक गोष्ट आहे. सरांना सांगायचं धाडस झालं नाही कधी."

"काय?"

"औरंगाबादला गेलो त्या दिवशी मी 'नाही' म्हटलं ना. मला खरं म्हणजे काय दिसलं होतं, तेच मला ठाऊक नाही. सर 'दिसली' म्हणाले आणि मला तो भिंतीवरचा कागद आठवला. मी घाबरलो. मी बाहेर नीट बघितलंच नाही. 'नाही' तोंडातून निघून गेलं. ढग फाटलेला असेल. धावपट्टी असेलही तिथे."

सरांचं उडणं या एका शब्दावर थांबलं होतं. त्या सोयाबीनच्या शेतात काही सापडलं नाही, याचा दुसरा अर्थही होऊ शकतो, हे तेव्हा आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. तिथे फसवणारं काही नव्हतं, कारण कदाचित सर फसलेच नव्हते.

"सांगायचं का त्यांना?" त्याने विचारलं. "आता काय उपयोग?"

चार दिवस मी विचार केला. सर सत्तरीच्या घरात होते. त्यांना हे सांगून काय मिळणार, असं माझ्या नवऱ्याचंही म्हणणं पडलं. पण एकदा 'ठीक' लिहून मी गप्प बसले होते आणि त्यानंतर ते चार वेळा मुलांना घेऊन ढगात गेले होते. ते ओझं मी कधी उतरवू शकले नव्हते. रविवारी सकाळी मी गंगापूर रोडला गेले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, भाजी निवडत होत्या. सर व्हरांड्यात कुंड्यांना पाणी घालत होते. मी त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी झारी खाली ठेवली. पहिला प्रश्न विचारला तो मला अजून आठवतो. "डावीकडचे दिवे दिसले होते का त्याला? की उजवीकडचे?"

"तसं काही नाही म्हणाला तो. नीट बघितलंच नाही म्हणाला."

"फोन लाव त्याला."

मी लावला. सर फोन घेऊन आत गेले. बराच वेळ बोलले. मध्ये एकदा त्यांचा आवाज चढल्यासारखा वाटला, मग ते हसलेही. काकूंनी मला खुणेनेच विचारलं, काय झालं? मी त्यांना हातानेच 'नंतर' म्हटलं. त्यांच्याबरोबर मेथी निवडायला बसले, कारण नुसतं बसवेना.

सर बाहेर आले. फोन माझ्या हातात दिला. त्यांचे डोळे जरा लाल झाले होते.

"आठवत नाही म्हणतो. खूप विचारलं. नाहीच आठवत."

"सर, मी सांगायला नको होतं का?"

"वेडी आहेस." ते पायरीवर बसले. "दिसली असेल तर असेल. मला बरं वाटलं ऐकून, खोटं कशाला बोलू? आज दिवसभर बरं वाटेल." मग म्हणाले, "पण त्याला मी एकच सांगितलं. तू बघून म्हणालास की न बघता, तो तुझा हिशेब. तू 'नाही' म्हणालास आणि मी वर गेलो. माझं काम तेवढंच होतं. तुझ्या शेजारी बसणारं पोर उद्या घाबरून 'नाही' म्हणालं, तरी तू वर जा. नंतर रागाव हवं तर."

"काय म्हणाला?"

"मागच्या महिन्यात गेला होता म्हणे तसाच वर. शेजारी नवीन मुलगी होती. तीनशे माणसं मागे बसलेली, अर्धा तास उशीर झाला, सगळ्यांनी तोंडं वाकडी केली." सर आता अगदी मोकळं हसले. "ती मुलगी खाली उतरल्यावर रडली म्हणे. याने तिला कॉफी पाजली."

काकू आतून म्हणाल्या, "जेवूनच जा गं. मेथी तूच निवडलीयेस." मी घरी फोन करून सांगितलं की उशीर होईल, आणि पानं मांडायला उठले.